नदीकाठच्या गावात घर बांधायची परवानगी: पलूसच्या इंजिनिअरकडचा अनुभव

पलूस तालुक्यात कृष्णाकाठाला ज्यांचं गाव आहे आणि जुनं घर पाडून नवीन बांधायचंय त्यांच्यासाठी लिहितोय. आम्ही परवानगीचं सगळं काम पलूसमधल्या एका लायसन्सवाल्या इंजिनिअरसाहेबांकडं दिलेलं.

पहिल्याच भेटीत त्यांनी प्लॅनचा विषयच काढला नाही, आधी विचारलं की 2019 ला पुराचं पाणी कुठपर्यंत आलेलं आणि 2021 ला कुठपर्यंत. मग म्हणाले जलसंपदा खात्याच्या नकाशावर निळी रेषा (नदीजवळची पूररेषा) आणि लाल रेषा (तिच्या बाहेरची, मोठ्या पुराची) बघू, निळीच्या आत जागा असली तर तिथं नवीन बांधकाम चालत नाही, आधीचं अधिकृत घर पाडून परत बांधायचं असलं तरी आधी जलसंपदाचा ना हरकत दाखला लागतो. आमची जागा दोन्हीच्या मधे निघाली. तिथं बांधता येतं पण जोतं लाल रेषेच्या लेव्हलपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे साधारण दीड फूट वर घ्यावं लागतं. साहेब स्वतः लेव्हल मशीन घेऊन आले, शेजारच्या काकांच्या भिंतीवर पुराच्या पाण्याचा डाग अजून आहे तिथं पट्टी धरायला लावली, आणि आमच्या जुन्या उंबऱ्याशेजारी खडूनं रेघ मारून आईला दाखवलं की नवीन फरशी इथं येणार. आई लगेच म्हणाली मग गोठ्याचं काय, तर त्यांनी तिथंच कागदावर जनावरांसाठी उतार काढून दिला. एवढं मनापासून काम करणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच बघितला.

कागदांचं पण सरळ सांगितलं. आमची जागा गावठाणातली आणि प्लॉट 1600 स्क्वेअर फुटाच्या आतला, त्यामुळं नगररचनाच्या परवानगीची गरज नाही. मालकीचे कागद, मोजणी नकाशा, प्लॅन, प्लॅन नियमात बसतो असं इंजिनिअरचं सर्टिफिकेट आणि विकास शुल्काची पावती ग्रामपंचायतीत जमा करायची. प्लॉट 1600 ते 3200 स्क्वेअर फुटापर्यंत असेल तर शुल्क भरल्यावर ग्रामपंचायतीनं 10 दिवसांत प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, द्यायचं असतं. हे गावात कुणालाच नीट माहीत नाही, लोक एजंटला उगाच पैसे देत बसतात याचं लई वाईट वाटतं.

चुलतभावाची जागा गावठाणाबाहेर, सातबाऱ्याची. त्याला त्यावेळच्या नियमाप्रमाणं सांगितलं की गावठाणापासून 200 मीटरच्या आत असली तर जमीन महसूल संहितेच्या कलम 42ड खाली शेतजमीन बिगरशेती करायचा रूपांतरण कर वगैरे भरून तहसीलमधनं सनद (बिगरशेतीचा दाखला) मिळायची, पण वर्ग 2 ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, जमीन असली तर आधी तो विषय मिटवा.

आता नावडलेलं. फोन उचलत नाहीत, दुपारी तर अजिबातच नाही, ऑफिसला जाऊनच बसावं लागतं. फी आधी लिहून देत नाहीत, नंतर सर्टिफिकेटचे वेगळे लावले, रक्कम जास्त नव्हती पण आधी सांगायला पाहिजे होती. आणि मोजणीला उशीर लागतो तो काय त्यांच्या हातात नाही, मोजणीचा अर्ज सगळ्यात आधी टाका.

जोतं भरल्यावर न बोलावता येऊन लेव्हल तपासून गेले, त्याचा एक रुपया घेतला नाही. पाचपैकी चार स्टार. काठावरच्या माणसानं यांच्याकडंच जावं, फक्त फी कागदावर लिहून घ्या आणि उन्हाळा लागायच्या आत गाठा, नंतर त्यांना वेळ नसतो.