बर्फावरचं खोपटं की कॅनूतला तंबू: मिनेसोटात आधी काय करावं?

जानेवारीचा शेवटचा बुधवार, सकाळचे पावणेनऊ. मिल लॅक्स तळ्याच्या बर्फावर भाड्याच्या एका खोपट्यात आम्ही बसलो होतो. पायाशी बर्फात पाडलेली चार भोकं, शेगडीवर चहा, माझ्या हातात मोबाइल. ठीक नऊ वाजता बाउंडरी वॉटर्स या संरक्षित जंगलात कॅनूने, म्हणजे वल्ह्याच्या हलक्या होडीने, फिरायचे उन्हाळ्यातले परवाने खुले होतात आणि चांगल्या तारखा बघता बघता जातात. नऊला एक मिनिट कमी असताना नवऱ्याच्या गळाची दोरी ताणली गेली आणि तो ओरडला, "अगं, धर, धर!" मी परवाना धरला. मासा सुटला.

तेव्हापासून आमच्याकडे नव्याने आलेली मराठी मंडळी विचारतात, की बर्फावरची मासेमारी आणि कॅनूतली जंगल-सहल यातलं आधी काय करावं? सुट्ट्या मोजक्या, सामान काही नाही, शिवाय आई-बाबा सहा महिन्यांसाठी यायचेत. प्रश्न जानेवारीतच येतो, कारण बर्फ तेव्हाच जाड असतो आणि उन्हाळ्याचा निर्णयही तेव्हाच घ्यावा लागतो. मी दोन्ही बरीच वर्षं करते आहे. मला दोन्हींतला खरा फरक थंडी-उन्हाळ्याचा वाटत नाही. कंटाळा आला, पोर रडायला लागलं, पाठ धरली, तर परत फिरता येतं का, यावर सगळं ठरतं.

बर्फावर परत फिरता येतं. मिनियापोलिसहून मिल लॅक्स गाडीने पावणेदोन-दोन तासांवर आहे. तळं अवाढव्य, १,३२,००० एकरांचं, पलीकडचा काठ दिसत नाही. पण किनाऱ्यावरचे रिसॉर्टवाले बर्फावर रस्ते साफ करून ठेवतात. भेगा पडल्या तर त्यांवर छोटे पूलही टाकतात. खोपटं आधीच गरम केलेलं, भोकं पाडलेली, आमिषाची मिन्नो मासोळी बादलीत. तुम्ही फक्त जाऊन बसायचं. दुपारी दोनला नको वाटलं तर तीनला गाडीत बसून घरी. (तळ्याचं नाव स्थानिक लोक 'मलॅक्स' असं उच्चारतात. 'मिल लॅक्स' म्हणालात की आमिषाच्या दुकानात लगेच कळतं, हे शहरातले.)

बाउंडरी वॉटर्समध्ये तसं नाही. कॅनडाच्या सीमेला लागून दहा लाख एकरांहून मोठं संरक्षित जंगल, हजारावर तळी, आणि बहुतेक ठिकाणी मोटरबोटीला बंदी. एका तळ्यातून दुसऱ्यात जायला मधली पायवाट असते, तिला पोर्टेज म्हणतात. होडी डोक्यावर, सामान पाठीवर. दोन दिवस वल्हवत आत गेलात की बाहेर यायलाही दोन दिवस. मोबाइल जवळजवळ कुठेच चालत नाही. सह्याद्रीत भटकलेल्यांना हे आधी लक्षात येत नाही. हरिश्चंद्रगडावर पाय मुरगळला तरी खाली पाचनईत कुणाच्या तरी ओसरीवर टेकता येतं, भाकरी मिळते. इथे ओसरीच नाही. पुढच्या मुक्कामाला कुणी भेटेल, हा अंदाजही फोल ठरतो.

पण हेच उलट बाजूनेही बघायला हवं. कॅनूतला धोका दिसतो: लाटा उठताना दिसतात, ढग येताना दिसतात, आणि तुम्ही काठाला लागून थांबू शकता. बर्फ असा इशारा देतोच असं नाही. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा आकडा पाठ करून ठेवा. पायी चालायला किमान चार इंच स्वच्छ, घट्ट बर्फ लागतो. लहान गाडीला नऊ-दहा इंच. दुधाळ, पांढरा बर्फ असेल तर हे आकडे दुप्पट धरायचे. आणि तोही सगळीकडे सारखा नसतो. झऱ्यांजवळ, ओढा मिळतो तिथे, दोन बेटांमधल्या अरुंद जागेत तो पातळ राहतो. २०२३ च्या डिसेंबर अखेरीस अपर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला आणि शंभरावर मासेमार त्यावर अडकले. सगळे सुखरूप परतले, पण त्यांतले कित्येकजण वर्षानुवर्षं बर्फावर जाणारे होते. म्हणून माझा एकच हट्ट: पहिली दोन वर्षं तरी ओळखीच्या रिसॉर्टच्या राखलेल्या रस्त्यावरूनच जा. "इथून जवळ आहे" म्हणून स्वतः वाट काढू नका, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तर नाहीच. बर्फाचा आणखी एक कमी बोलला जाणारा धोका खोपट्याच्या आत असतो. गॅसच्या शेगडीने कार्बन मोनॉक्साइड साठतो, म्हणून झडप थोडी उघडी ठेवायची आणि रात्री झोपणार असाल तर खोपट्यात अलार्म आहे ना, हे भाडं देण्याआधी विचारायचं.

आता आखणी. इथे कॅनू जड जाते.

कॅनूच्या सहलीला १ मे ते ३० सप्टेंबर या काळात रात्रीच्या मुक्कामासाठी कोट्यातला परवाना लागतो. परवाना एका विशिष्ट प्रवेशद्वाराचा आणि एका विशिष्ट तारखेचा असतो. आत गेल्यावर कुठे फिरायचं ते तुमचं. एका परवान्यावर जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार होड्या. २०२५ मध्ये मोठ्या माणसाला एका सहलीचे १६ डॉलर, मुलांना ८, वर ६ डॉलर आरक्षणाचे पडत होते. पैशाने ही सहल स्वस्तच आहे. महाग असते ती तारीख. ऑगस्टमधला जोडसुट्टीचा आठवडा हवा असेल तर जानेवारीच्या त्या बुधवारी नऊ वाजता हजर राहावं लागतं. "मंडळाचा गणपती कधी आहे ते बघून सांगतो" म्हणणाऱ्यांच्या वाट्याला मग मंगळवार येतो किंवा दूरचं, खडतर प्रवेशद्वार.

बर्फावर असं काही नाही. हवामान बघून आठवडाभर आधी खोपटं ठरवता येतं, गर्दीच्या शनिवार-रविवारी थोडं आधी. सोळा आणि त्यापुढच्या वयाच्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. तो ऑनलाइन मिळतो, आणि एका दिवसाचा किंवा तीन दिवसांचाही असतो. बाहेरून आलेल्या आई-बाबांना गळ धरायचा असेल तर त्यांचाही वेगळा काढा. नुसतं बघत बसणाऱ्याला लागत नाही. बहुतेक तळ्यांत वॉलाय या माशाचा हंगाम फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी संपतो. पर्च हा दुसरा मासा त्यानंतरही धरता येतो. किती आणि केवढे मासे ठेवायचे याचे मिल लॅक्सचे नियम हंगामागणिक बदलतात, ते निघायच्या आदल्या रात्री बघा.

पैशाचं गणित सोपं आहे. बर्फावर तुम्ही कष्ट विकत घेता, म्हणजे दुसऱ्याने पाडलेली भोकं आणि दुसऱ्याने आणलेली शेगडी. कॅनूत कष्ट तुमचे, पण सामान भाड्याने मिळतं. ईली किंवा ग्रँड मरेस या जंगलाशेजारच्या गावांतला आउटफिटर, म्हणजे सहलीचं सामान भाड्याने देणारा, होडी, तंबू, स्वयंपाकाचं सामान, नकाशा, सगळं देतो. एकाच गोष्टीत काटकसर करू नका, आणि ती म्हणजे होडी. केवलार या हलक्या, मजबूत तंतूची दोघांची होडी साधारण १९ किलोची असते; जुनी ॲल्युमिनियमची तिशीच्या पुढे जाते. हा फरक दुकानात कळत नाही, तिसऱ्या पोर्टेजवर कळतो. पोर्टेजचं अंतर इथे अजून रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळपास एका कॅनूची लांबी. शंभर रॉड म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर. ऐकायला काहीच नाही. पण सामान दोन खेपांत नेणार असाल, आणि पहिल्या वर्षी नेणारच, तर एकदा नेऊन, रिकाम्या हाती परत येऊन, पुन्हा नेऊन तो दीड किलोमीटर होतो, चिखलात, डासांत.

डासांचं आलंच. जूनमध्ये नको. मेअखेरीस काळ्या माश्या, मग डास, आणि मेमधलं पाणी इतकं थंड असतं की होडी उलटली तर चांगल्या पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत चालेनासे होतात. ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य ही माझी तारीख. डास विरळ, पाणी अजून अंघोळीपुरतं उबदार, रात्री गारवा, आणि बर्चची पानं पिवळी व्हायला लागलेली. शाळा सुरू झाल्याने मुक्कामाच्या जागाही मोकळ्या. मुलांच्या शाळेचा प्रश्न आहे, हे मान्य.

जेवणाचं सांगायला मला सगळ्यात आवडतं. माझं माहेर मालवणचं, त्यामुळे बर्फावरच्या सहलीचा निम्मा अर्थ मला तव्यावर दिसतो. वॉलायचं मांस पांढरं, घट्ट, काटा कमी. आगळ, हळद, तिखट लावून तांदळाच्या पिठात घोळवून तळला, तर बाबा सुरमईचं नाव काढत नाहीत. म्हणजे काढतात, पण दुसऱ्या घासानंतर. बर्फावर गाडीने जाता येतं, त्यामुळे कुकर, डबे, तेलाची बाटली, काय हवं ते न्या. शाकाहारी घरांनाही मी हीच सहल सुचवते, भोकातून हिरव्या पाण्यात बघत बसणं आणि भजी यासाठी. मासा पकडून सोडला तर झालं असं मात्र समजू नका. खोल पाण्यातून झपकन वर ओढलेला मासा सोडूनही बऱ्याचदा जगत नाही. खायचा नसेल तर उथळात गळ टाका, किंवा टाकूच नका.

कॅनूवर मी पहिल्या वर्षी कुकर नेला होता. हसू नका, वरण-भाताशिवाय चार दिवस कसे काढायचे असं वाटलं होतं. दुसऱ्या पोर्टेजवर नवऱ्याने तो माझ्या पिशवीत हलवला, आणि पुढच्या वर्षी तो घरीच राहिला. आता थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजलेल्या बेसनाचं पिठलं (नुसतं उकळतं पाणी घालायचं), चिवडा आणि सुकवलेल्या भाज्यांची खिचडी एवढंच जातं. इथला एक नियम आपल्या लोकांना हमखास अडवतो. खाण्यापिण्याचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत. आईने दिलेली लोणच्याची बरणी गाडीतच राहते. लोणचं प्लास्टिकच्या डबीत काढून घ्या, आणि रिकामी डबी परत आणा. रात्री सगळं खाणं अस्वलापासून दूर ठेवायचं, अस्वलाला न उघडणाऱ्या पेटीत किंवा झाडाला उंच टांगून. फोडणीचा वास किती लांब जातो हे तुम्हाला माहीत आहेच. पाणी तळ्यातलंच प्यायचं, पण गाळून किंवा उकळून.

मग कोणी काय करावं?

आई-बाबा डिसेंबर ते मेच्या दरम्यान असतील, किंवा घरात आठ वर्षांखालचं मूल असेल, तर बर्फ. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा एक दिवस, दुपारी बारापासून संध्याकाळपर्यंत. वॉलाय अंधारून येताना गळाला लागतो, आणि या दिवसांत साडेपाच-सहापर्यंत अंधारतंच, त्यामुळे पोरांची झोपेची वेळ चुकत नाही. रात्रीचा मुक्काम पहिल्यांदा नको. सत्तरीच्या माणसाला उणे वीसमध्ये खोपट्यातून बाहेरच्या शौचालयापर्यंत जाणं कठीण जातं, हे आमच्या सासऱ्यांनी तोंडाने नाही, चेहऱ्याने सांगितलं. पायांत दोन जोड्या घट्ट मोज्यांपेक्षा एक लोकरीचा जाड मोजा आणि सैल बूट बरा, घट्ट झालं की बोटं आधी गारठतात.

घरात चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल, जी हल्ली जेवायच्या टेबलावरही फोनमधून मान वर काढत नाही, तर मी कॅनू म्हणेन, आणि जरा जोर देऊन म्हणेन. तिथे फोनचा उपयोग नाही, आणि होडीच्या पुढच्या बाजूला बसणाऱ्याला दगड दिसला की ओरडावंच लागतं, त्यामुळे बोलणं आपोआप सुरू होतं. दोन जोडपी असाल, पोहता येत असेल, ट्रेकची सवय असेल, तरीही कॅनूच. पोहता येत नसलेल्यांनी लाइफ जॅकेट घालूनच वल्हं हातात घ्यावं. दहा वर्षांखालच्या मुलांना तर कायद्यानेच ते घालावं लागतं.

पहिल्या वर्षी तीन रात्रींच्या पलीकडे जाऊ नका. ईलीच्या पूर्वेला लेक वन हे प्रवेशद्वार आहे, ३० क्रमांकाचं. तिथून लहानशा दोन पोर्टेज ओलांडल्या की लेक टू, मग थ्री, मग फोर. नावं ठेवताना कुणाला कंटाळा आला असावा. या भागातलं बरंच जंगल २०११ च्या पगामी क्रीकच्या आगीत जळलं होतं, आता तिथे कोवळ्या झाडांची दाटी आहे. पहिली रात्र लेक टूवर, दुसरी तिथेच किंवा थोडं पुढे, तिसऱ्या दिवशी परत फिरायला सुरुवात. मुक्कामाच्या जागा आधी राखून ठेवता येत नाहीत, म्हणून दुपारी दोनच्या आत एक धरा. प्रत्येक जागी शेकोटीची लोखंडी जाळी असते आणि आत झाडीत उघडा संडास.

आणि जानेवारीतला तो बुधवार हुकला असेल, किंवा चार दिवस जंगलात राहायची अजून हिंमत होत नसेल, तर दिवसभराची फेरी करा. मोटर नसलेल्या होडीने सकाळी आत जाऊन संध्याकाळी बाहेर येणाऱ्यांना कोट्यातलं आरक्षण लागत नाही. प्रवेशाजवळच्या पेटीत कोरे फॉर्म असतात. स्वतः भरायचा, एक प्रत पेटीत टाकायची, एक सोबत ठेवायची. रात्री ईलीत खोली घ्यायची, सकाळी सहाला होडी पाण्यात ढकलायची. धुकं अजून पाण्यावर असतं त्या वेळी, आणि लून पक्षी कुठेतरी ओरडत असतो.