एफ/१.२ की एफ/१.८? कोल्हापूरच्या कमी उजेडात

त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर पणत्या लागतात, तेव्हा प्रत्येकालाच मोठ्या अ‍ॅपर्चरची, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र मोठं असलेली लेन्स हवीशी वाटते. एफचा आकडा जितका लहान, तितकं हे छिद्र मोठं. उदाहरणादाखल कॅननच्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठीच्या दोन आरएफ ५० मिमी लेन्स घ्या. एफ/१.२ एल (‘एल’ ही कॅननची महागडी, व्यावसायिक श्रेणी) सुमारे ९५० ग्रॅमची, एफ/१.८ फक्त १६० ग्रॅमची. किमतीतला फरक तर विचारूच नका.

एफ/१.२ सव्वादोन पट उजेड आत घेते. म्हणजे एफ/१.८ ला शटर १/६० सेकंद मिळत असेल, तर इथे साधारण १/१२५ सेकंद. तालमीतल्या मंद उजेडात पैलवान डाव टाकतो, तेव्हा हाच फरक फोटो तारतो. हात पुसट होत नाही, अंगावरची तांबडी माती कणाकणाने दिसते. पाच मीटरवरून फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर पुढे-मागे मिळून सुमारे ७० सेंमी फोकसमध्ये राहतं, त्यामुळे पैलवान सहज मावतो.

घाटावर मात्र गणित उलटतं. पणती लावणाऱ्या बाईंच्या जवळ, मीटरभरावर गेलात की एफ/१.२ ला जेमतेम ३ सेंमी हाती लागतात. डोळे टिपावेत तर ज्योत विरघळते. एफ/१.८ लाही ४-५ सेंमीच, पण ज्योत तशी हलत नाही, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, थोडा वाढवून एफ/२.८ ला जाता येतं. मग महागड्या लेन्सचा उपयोग काय?

माझं स्पष्ट मत: कुस्तीचं वेड असेल तरच एफ/१.२ घ्या. घाट, रंकाळा, घरचे कार्यक्रम यांना एफ/१.८ भरपूर झाली. उरलेल्या पैशांत एक चांगला ट्रायपॉड येतो.