'एज ऑफ एम्पायर्स २' : लढाईआधीचा प्रपंच

कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने पैसे मोजून जो खेळ खेळलो, तोच आता पुन्हा विकत घ्यावा का, या विचारात मी बरेच दिवस घालवले. डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजने घडवलेला आणि मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये बाजारात आणलेला 'एज ऑफ एम्पायर्स २' हा गाव वसवून सैन्य उभारण्याचा संगणकावरील खेळ २०१९ मध्ये 'डेफिनिटिव्ह एडिशन' या नावाने नव्या रूपात आला. दोन महिने रोज रात्री खेळून झाल्यावर पैसे वसूल झाले, असे मी निःशंकपणे म्हणू शकतो.

नावात साम्राज्य असले, तरी पहिली दहा-पंधरा मिनिटे हा खेळ निव्वळ प्रपंचाचा आहे. हाताशी एक टाउन सेंटर (गावाची मुख्य इमारत), तीन गावकरी आणि एक घोडेस्वार असतो. प्रत्येक नवा गावकरी ५० अन्न खातो, तयार व्हायला २५ सेकंद घेतो आणि वेळेवर घर बांधले नसेल, तर तयारच होत नाही. मेंढ्या संपत आल्या की रानडुक्कर आणण्याची वेळ येते. एका गावकऱ्याने बाण मारायचा, चवताळलेले डुक्कर अंगावर आले की जिवाच्या आकांताने टाउन सेंटरकडे पळत सुटायचे आणि तिथे मेंढ्या कापत बसलेल्या मंडळींनी मिळून ते लोळवायचे. तेवढ्यात लक्ष दुसरीकडे गेले, तर गावकरीही जातो आणि ३४० अन्नही लांबते. समोरच्याचा किल्ला फोडताना होत नाही इतकी छातीची धडधड मला आजही या डुकरापायी होते, आणि माझ्या मते या खेळाची खरी थोरवी तिथेच आहे. कारण शेवटी जिंकतो तो सहसा ज्याचा गावकरी क्षणभरही रिकामा बसला नाही तोच.

म्हणूनच नव्या आवृत्तीतील शेतीचा बदल मला सर्वांत मोठा वाटतो. मूळ खेळात पीक संपले की शेत ओसाड पडे, गावकरी हात बांधून उभा राही आणि ऐन लढाईतून मागे येऊन ६० लाकूड खर्चून ते पुन्हा लावावे लागे. २००० च्या 'द कॉन्करर्स' या विस्ताराने (मूळ खेळात भर घालणाऱ्या जोडभागाने) गिरणीवर पुढच्या पेरणीची आगाऊ नोंद करण्याची सोय दिली. आता लाकूड शिल्लक असेपर्यंत शेत आपोआप पेरले जाते. सुरुवातीला मला ही चक्क लबाडी वाटली. आठवडाभरात मत बदलले, कारण शेतावरून सुटलेले लक्ष घोडदळ आणि भालाईतांच्या चालींकडे वळले आणि पूर्वी कधीच न जमलेले डाव जमू लागले.

चित्रे देखणी झाली आहेत, किल्ला कोसळताना दगडन् दगड सुटताना दिसतो. याहून अधिक त्याबद्दल लिहिण्यासारखे नाही. आवाजांचे मात्र वेगळे आहे. खेळातल्या चॅटमध्ये ठरावीक आकडा टाइप केला की ठरलेला आवाज सगळ्यांना ऐकू येतो. ११ टाइप केले की येणारे ते खदाखदा हसू आणि ३० टाइप केल्यावरचा 'वोलोलो' हा धर्मगुरूचा मंत्र कानावर पडले आणि शेजारच्या खुर्चीवरून माझी गिरणी जाळून वर हेच हसू पाठवणारा मित्र आठवला. (वीज गेली की कॅफेतला डाव बुडे, मालक पैसे मात्र पूर्ण तासाचे घेई.)

खेळायला निवडता येणाऱ्या मूळच्या १३ संस्कृतींच्या आता ४० हून अधिक झाल्या आहेत, आणि हे मला थोडे अति वाटते, कारण कोणाकडे कोणते सैन्य नाही हे पाठ करण्यातच नवख्याची दमछाक होते. तरीही २०२२ चा 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' हा विस्तार मी आवर्जून घेतला. त्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर आले, पूर्वीचे 'इंडियन्स' हिंदुस्तानी झाले, आणि मेंढ्या न कापता गिरणीत ठेवून त्यांच्यापासून सतत अन्न मिळवण्याची गुर्जरांची युक्ती तर मला फारच पसंत पडली. मराठे यात नाहीत. खेळाचा भर मध्ययुगावर असल्याने त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी फक्त मूळ खेळ घ्यावा आणि स्कॉटिश योद्धा विल्यम वॉलेसच्या, खेळ शिकवणाऱ्या मोहिमेपासून शिकावे. लॅपटॉप जुना असेल, तर उच्च दर्जाच्या चित्रांचा वेगळा मोफत संच उतरवू नये. आणि डुकराच्या वाटेला जाण्याआधी ५० सोने खर्चून 'लूम' (गावकऱ्यांना अधिक चिवट करणारी सुधारणा) करून घ्यावे. एवढी वर्षे खेळूनही माझा एक गावकरी परवाच त्यापायी गेला.