टायपिंगच्या क्लासात सीईटीचा सराव : १,५०० रुपये वसूल झाले का?

बार्शीत स्टँडमागच्या गल्लीत एक जुनं टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही करणार आहे आणि सर मला दर शनिवारी बाजारात भेटतात. १९९९ साली मी तिथेच इंग्रजी ३० आणि मराठी ३० पास झाले. तेव्हा मशिनांचा खडखडाट पार कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत ऐकू यायचा. आता मशिनं भंगारात गेली, संगणक आले. टायपिंगच्या बॅचेस सकाळ-संध्याकाळ, त्यामुळे दुपारी संगणक रिकामे. त्या २४ संगणकांवर सरांनी सीईटीच्या, म्हणजे बारावीनंतरच्या इंजिनीअरिंग वगैरेंच्या राज्य प्रवेश परीक्षेच्या, सराव परीक्षा सुरू केल्यात. २० पेपरांचे १,५०० रुपये, सुटा पेपर १००.

माझी मुलगी यंदा बारावी सायन्स, पीसीएम, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. मोबाइलवर तिची एक टेस्ट सिरीज होतीच, ती वेगळे पैसे भरून घेतलेली. पण मोबाइलवर पेपर म्हणजे काय, तर कुशीवर लोळत. मधेच मैत्रिणीचा मेसेज, मधेच ‘आई, काही खायला आहे का’ म्हणत स्वयंपाकघरात फेरी. नव्वद मिनिटांचा पेपर अडीच तास चालायचा आणि मार्क मात्र झकास. मी पतसंस्थेत कॅशला बसते. हिशेब इतका गोड जुळला की मला आधी शंका येते. फेब्रुवारीत तिला सरांकडे नेलं.

पहिल्या पेपरला २०० पैकी ७१.

घरी येऊन पोरगी बोलेना. मला वाटलं, अभ्यासच कच्चा आहे. दुसऱ्या दिवशी सरांनी तिचा पेपर उघडून दाखवला. अकरा प्रश्न असे होते की तिने कागदावर उत्तर बरोबर काढलं होतं, पडद्यावर पर्यायही निवडला होता, पण ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ न दाबता थेट उजवीकडच्या चौकोनातल्या पुढच्या आकड्यावर टिचकी मारली होती. तसं केलं की उत्तर जमा होत नाही. सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं असतं, पण सूचना कोण वाचतंय! मोबाइलच्या ॲपमध्ये पर्यायाला बोट लावलं की उत्तर आपोआप जमा व्हायचं, तीच सवय. माझ्या लेखी १,५०० तले निम्मे तरी त्या दिवशीच फिटले.

ज्यांच्या घरी पुढच्या वर्षी बारावी आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण मलाही फेब्रुवारीपर्यंत हे धड माहीत नव्हतं. पीसीएमची सीईटी तीन तासांची, पण ते तीन तास आपल्या मर्जीने वापरता येत नाहीत. आधी ९० मिनिटं फिजिक्स आणि केमिस्ट्री, पन्नास-पन्नास प्रश्न, एकेक मार्क. ती वेळ संपली की तो भाग बंद. मग मॅथ्सचे ५० प्रश्न, दोन-दोन मार्कांचे, पुन्हा ९० मिनिटं. म्हणजे पहिल्या भागात एका प्रश्नाला ५४ सेकंद आणि मॅथ्सला बरोबर दुप्पट. केमिस्ट्री लवकर उरकली तर वाचलेला वेळ फिजिक्सला देता येतो, मॅथ्सला नाही. आमच्या बाईसाहेबांना प्रत्येक गणित शेवटपर्यंत सोडवायची खोड. सहावीत होती तेव्हापासूनची, आणि ती लावली मीच. सरांकडच्या चौथ्या पेपरला फिजिक्सचे सतरा प्रश्न बघायचेच राहिले आणि पडदा आपोआप मॅथ्सवर गेला. तिचा चेहरा मी दारातून बघत होते. रडेल असं वाटलं. रडली नाही, पण पाचव्या पेपरापासून केमिस्ट्री आधी घ्यायला लागली आणि अडलं की ‘नंतर बघू’ची जांभळी खूण करून पुढे जायला शिकली. मी वर्षभर कानीकपाळी ओरडले असते तरी हे झालं नसतं.

दुसरी एक गोष्ट. सीईटीला चुकीच्या उत्तराचे मार्क कापत नाहीत, जेईईला कापतात. हिने जानेवारीत जेईई दिलेली, त्यामुळे खात्री नसेल तर प्रश्न कोरा सोडायची. सर प्रत्येक भागाच्या शेवटच्या तीन मिनिटांना टेबलावर पट्टी आपटायचे : “कोरं कुणी सोडायचं नाही!” हीच पट्टी माझ्या वेळी की-बोर्डकडे बघणाऱ्यांच्या बोटांवर बसायची. गंमत म्हणजे मी त्या खोलीत दहा बोटं चालवायला शिकले आणि माझी लेक तिथे की-बोर्ड भिंतीकडे सरकवून एका माऊसवर तीन तास काढायला शिकली.

कच्च्या कामाच्या कागदाचंही तसंच. पुस्तकात प्रश्नाखाली रेघ मारता येते, आकृतीवर खुणा करता येतात. पडद्यावर यातलं काही नाही. वर बघायचं, खाली उतरवायचं, पुन्हा वर बघायचं. त्यात उणे चिन्ह गळतं, x₁ च्या जागी x₂ येतो. पहिल्या आठवड्यात तिच्या चुकांपैकी बऱ्याच निव्वळ उतरवण्याच्या होत्या. सरांनी एक साधा उपाय सांगितला : कागदाला चार घड्या घालायच्या, प्रत्येक चौकोनात प्रश्नाचा नंबर टाकून एकच गणित करायचं, म्हणजे परत आल्यावर शोधाशोध नको. टायपिंगवाल्या माणसाला कागद कसा वापरावा हे कळतं.

आता तक्रारी.

प्रश्नांचा दर्जा वर-खाली आहे. काही पेपर चांगले, काही सरळ जेईईच्या जुन्या प्रश्नांवरून उचललेले. अकरावीचे सगळे धडे सीईटीला नसतात, ठरावीकच असतात, आणि एकूण भर साधारण २० टक्के अकरावी, ८० टक्के बारावी असा. इथल्या दोन पेपरांत अकरावीचे नको ते धडे घुसले होते. सांगितल्यावर सर म्हणाले, “ताई, प्रश्न बाहेरून विकत घेतो, मी फक्त लावतो.” प्रामाणिक उत्तर, पण मग पैसे घेण्याआधी एकदा चाळायला नकोत का?

मराठीचा तर आनंदीआनंद. खऱ्या परीक्षेत फिजिक्स-केमिस्ट्रीचे प्रश्न मराठीतही बघायची सोय असते, मॅथ्स फक्त इंग्रजीत. इथेही मराठीचं बटण आहे, पण ते भाषांतर यंत्राने केलेलं दिसतं. जडत्व आघूर्णाचा (मोमेंट ऑफ इनर्शिया) ‘जडत्वाचा क्षण’ झालाय. द्रावणाला (सोल्यूशन) ‘उपाय’ म्हटलंय. आणि एका प्रश्नात चक्क ‘दोन तीळ ऑक्सिजन’. मोलचा तीळ! आम्ही मायलेकी घरी येईपर्यंत हसत होतो, पण वर्गात मराठी माध्यमातून आलेला वैरागचा एक मुलगा होता, त्याला हसू येत नव्हतं. तो बिचारा प्रत्येक प्रश्न इंग्रजीत आणि मराठीत असा दोनदा वाचायचा आणि त्याची ५४ सेकंदं वाचण्यातच जायची. मराठी बटणाच्या भरवशावर कुणी इथे येऊ नये.

तिसरी तक्रार ‘अंदाजे पर्सेंटाइल’ची. प्रत्येक पेपरानंतर भिंतीवर यादी लागते. पोरगी एकदा ९५ पर्सेंटाइल म्हणून नाचत आली. मी विचारलं, “बसले होते किती जण?” म्हणे एकोणीस. अगं, एकोणीस जणांत पहिली-दुसरी आलीस, इतकाच त्याचा अर्थ. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. तुझ्या सत्रात बसलेल्यांपैकी शेकडा किती जण तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी मार्कांवर आहेत, ते. खऱ्या परीक्षेत एका सत्राला हजारो मुलं असतात. ही यादी सरांनी बंद करावी. पालक तिचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवतात आणि मग मुलांच्या डोक्यावर आणखी एक ओझं.

मार्चमध्ये दुपारी तिथे भट्टी असते. कूलर एकच. दोनदा वीज गेली. इन्व्हर्टर पंख्यांना आहे, सगळ्या संगणकांना पुरत नाही. पहिल्यांदा तासाभराचा पेपर गेला, सरांनी तो नंतर पुन्हा फुकट बसवला, हे कबूल करायला हवं.

परीक्षा सोलापूरला होती, दुपारच्या सत्रात, २ ते ५. सकाळच्या एसटीने गेलो आणि दीड तास फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत उभे. आजूबाजूच्या आया मुलांना पुस्तकं वाचून दाखवत होत्या. आमची शेंगदाण्याचा लाडू खात होती. बाहेर आली तेव्हा पहिलं वाक्य, “आई, माऊस चांगला होता.” पेपर कसा गेला ते एसटीत, अर्ध्या वाटेत सांगितलं : फिजिक्सला चार प्रश्न अंदाजाने, मॅथ्सला सहा, कोरा एकही नाही.

माझं मत विचाराल तर २० पेपरांचं पॅकेज घेऊ नका. शेवटचे पाच-सहा म्हणजे आधीचेच प्रश्न उलटसुलट लावलेले. आठ-दहा सुटे पेपर घ्या, आठवड्याला दोन, आणि शक्यतो ज्या सत्रात परीक्षा असेल त्याच वेळेला बसवा. प्रश्नांसाठी बालभारतीची पुस्तकं आणि जुने पेपर घरी आहेतच. इथे पैसे भरायचे ते खुर्ची, घड्याळ आणि सरांच्या पट्टीसाठी. मुलाला सूचना वाचायची सवय आधीच असेल आणि घरी दार लावून तीन तास बसता येईल असा संगणक असेल, तर तेवढेही देऊ नका.

आणि गेलात तर सात नंबरचा संगणक घेऊ नका. त्याच्या माऊसचं डावं बटण दोनदा दाबल्याशिवाय लागत नाही. फेब्रुवारीपासून सांगतेय, अजून बदललेला नाही.