1995ची डबल्ड डाय पेनी विकत घ्यावी, की रोल चाळत बसावं?

खिशात पन्नास डॉलर आहेत आणि अमेरिकन पेन्यांमधले, म्हणजे एक सेंटच्या नाण्यांमधले, डबल्ड डाय (साच्यातल्या चुकीमुळे दुहेरी छाप उमटलेली नाणी) जमवायचे आहेत, असं धरून चालू. तेवढ्या पैशांत नाण्यांच्या दुकानातून 1995ची एक चांगली, न वापरलेली डबल्ड डाय पेनी येते. किंवा बँकेतून पेन्यांच्या दोन पेट्या येतात. एका पेटीत 50 रोल, म्हणजे कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या नळ्या, एका रोलमध्ये 50 नाणी, म्हणजे एकूण 5,000 पेन्या. शिवाय नको असलेल्या पेन्या बँकेत परत भरता येतात, त्यामुळे हा दुसरा मार्ग फुकटचा वाटतो. मलाही वाटला होता. पण या दोन वाटांवर मिळणारी नाणी एकाच नावाची असली, तरी एकाच जातीची नाहीत, आणि निवड करण्याआधी तेवढं समजून घेतलेलं बरं.

नाणं पाडणारा डाय, म्हणजे साचा, स्वतः एका उठावाच्या पोलादी ठशाखाली दाबून तयार होतो. त्या ठशाला हब म्हणतात. पूर्वी एका दाबात चित्र पुरतं उतरत नसे. मग डाय काढायचा, तापवून मऊ करायचा आणि पुन्हा हबखाली बसवायचा. दुसऱ्या खेपेला तो केसभर जरी फिरला तरी अक्षरं दोनदा उमटायची. 1955ची सुप्रसिद्ध पेनी अशीच जन्मली. तिच्यावरचं साल आणि अक्षरं इतकी दुहेरी आहेत की चष्मा पुसून पुन्हा बघावंसं वाटतं. त्यातल्या बऱ्याच पेन्या सिगारेटच्या यंत्रांतून लोकांच्या हाती गेल्या. पाकीट 23 सेंटचं आणि यंत्रात टाकायचं नाणं 25 सेंटचं, म्हणून वरच्या दोन पेन्या वेष्टणातच सरकवलेल्या असत. 1972ची आणि 1995ची पेनीही याच जातीतली. 1995च्या पेनीवर लिंकनच्या मागचं ‘लिबर्टी’ आणि वरचं ‘इन गॉड वी ट्रस्ट’ पाहा. एकदा नजरेत बसलं की भिंगाशिवायही कळतं.

1996च्या सुमाराला टांकसाळीनं एकाच दाबात डाय करायला सुरुवात केली. आता दुहेरी छाप कायमची गेली असं वाटावं, पण चूक नुसती जागा बदलून बसली. डायचा पोलादी ठोकळा तोंडाला किंचित शंकूसारखा असतो, त्यामुळे हब आधी मध्याला टेकतो. ठोकळा तिरका बसलेला असला तर मध्यावर थोडं चित्र उमटतं, आणि दाब वाढता वाढता ठोकळा सरळ होतो. राहतो तो फक्त मधल्या भागातला पुसटसा दुसरा ठसा. म्हणून नव्या पेन्यांवर कडेच्या अक्षरांत वेळ घालवू नका. लिंकनचा कान, पापणी, बो-टाय इथे बघा. 2008पर्यंतच्या पेन्यांवर मागच्या लिंकन स्मारकाचे मधले खांब बघा, 2010पासूनच्या पेन्यांवर ढालीचा मधला भाग. 1997च्या पेनीवर कानाची पाळी दुहेरी दिसते, ती याच प्रकारची म्हणून ओळखली जाते.

सगळ्यांत मजा 2009च्या पेन्यांत आहे. लिंकनच्या जन्माला 200 वर्षं झाली म्हणून त्या वर्षी मागच्या बाजूला चार वेगळी चित्रं काढली. त्यातल्या एकात तरुण लिंकन ओंडक्यावर बसून पुस्तक वाचतो आहे. त्याचा पुस्तक धरलेला हात नेमका नाण्याच्या मध्याजवळ येतो, आणि त्यामुळे कित्येक डायवर त्याला एखादं बोट जास्तीचं मिळालं आहे. असे अनेक डझन वेगवेगळे डाय नोंदले गेले आहेत. कुठे अर्धं बोट, कुठे नुसती रेघ. नवशिक्याला कुठलं एक नाणं शोधायला सांगायचं झालं, तर मी हेच सांगेन.

आता खरी अडचण. पेट्या चाळणाऱ्याला खऱ्यापेक्षा खोटी दुहेरी कितीतरी जास्त भेटते. नाणं पडताना डाय सैल असेल, तर आधीच उमटलेल्या अक्षराची कड चेपली जाते. याला मशीन डबलिंग म्हणतात, आणि त्याला जास्तीचा एक सेंटही मिळत नाही. ओळख सोपी आहे. चेपलेली कड सपाट, चकचकीत, पायरीसारखी असते आणि अक्षर मुळापेक्षा बारीक होतं. खऱ्या डबल्ड डायमध्ये अक्षर जाड होतं, दुसऱ्या ठशालाही गोलाई असते आणि टोकाशी बारीक खाच दिसते. त्यात 1982नंतरच्या पेन्या जस्ताच्या, वर तांब्याचा पातळ मुलामा. अक्षराच्या कडेला मुलामा फाटला की खालच्या जस्ताची करडी रेघ दिसते, तीही हुबेहूब दुहेरी छापेसारखी. मी पहिला अख्खा हिवाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ‘शोध’ लावले, एक डबीभर. नंतर एका जुन्या संग्राहकानं ती डबी पाच मिनिटांत चाळली आणि तशीच माझ्याकडे सरकवली. सगळ्या पायऱ्याच होत्या. दोष बराचसा माझ्या दिव्याचा. एकाच बाजूनं पडणारा प्रखर एलईडी कुठल्याही अक्षराला जुळा भाऊ देतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि पसरट, मऊ उजेड एवढंच घ्या. संगणकाला जोडायची सूक्ष्मदर्शकं फोटो काढायला ठीक, पण निदान करायला त्यांनी बिघडवलेले लोक मी जास्त पाहिले आहेत.

पैशांच्या बाबतीत तुलना एकतर्फी आहे. 1955च्या पेनीला हजार डॉलरांच्या वर मोजावे लागतात, 1972च्या पेनीला काही शेकडे, 1995ची मात्र आवाक्यात, कारण ती बातम्यांत झळकली आणि लोकांनी भराभर शोधून काढली. तिची किंमत फार चढणार नाही, पण ती कुणालाही दाखवता येते, किंमतपुस्तिकेत तिला स्वतःची ओळ आहे आणि विकायला काढली तर दुकानदार एका नजरेत ओळखतो. पुसट डबल्ड डायचं तसं नाही. आधी तो कोनेकासारख्या, चुकीची नाणी जमवणाऱ्यांच्या अमेरिकी संस्थेच्या यादीतल्या फोटोशी जुळवायचा, डायवरचे ओरखडे आणि चिरा ताडून बघायच्या, मग ती बारकाई समजणारा गिऱ्हाईक शोधायचा. एका डायमधून लाखो पेन्या पडतात, त्यामुळे ‘दुर्मीळ’ हा शब्द इथे जपून वापरावा. पुष्कळदा नाणं दुर्मीळ नसतं, त्याकडे बघणारा माणूस दुर्मीळ असतो. अशा नाण्याचं ग्रेडिंग करून, म्हणजे तज्ज्ञांकडून दर्जा ठरवून घेऊन, ते प्लास्टिकच्या डबीत बंद करायला जो खर्च येतो, तो बहुतेक वेळा नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त. आणि ऑनलाइन कुणी धूसर फोटो लावून नव्या पेनीला हजारो डॉलर मागत असेल, तर पान बंद करा.

जपणुकीचा मुद्दा लोक विसरतात. 1972ची पेनी जवळजवळ सगळी तांब्याची आहे, नीट ठेवली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. जस्ताच्या पेनीला मुलाम्यात टाचणीएवढी भेग पुरते. आतून फोड येतात, पांढरी भुकटी सुटते. मुंबईच्या किंवा कोकणातल्या पावसाळी हवेत तर विचारूच नका. 1995ची पेनीही जस्ताचीच, पण एक नाणं चांगल्या डबीत सिलिका जेलसोबत ठेवणं वेगळं आणि रोलांतून निवडलेली दोनशे हाताळलेली नाणी सांभाळणं वेगळं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत मात्र दोन्ही ठेवू नका. काही वर्षांत हिरवा चिकट थर धरतो.

माझा कौल विचाराल तर असा. एकच नाणं हवं असेल, पाहुण्यांना दाखवायचं असेल, डोळे लवकर थकत असतील, तर 1995ची घ्या आणि पेट्यांच्या वाटेला जाऊ नका. रात्री जेवण झाल्यावर तासभर गहू निवडल्यासारखी नाणी निवडण्यात ज्याला सुख आहे, त्यानं पेटीच घ्यावी, आणि कमाईचा हिशोब मनातून काढून टाकावा. मी दोन्ही केलं. 1995ची पेनी डबीत असते, वर्षातून एकदा निघते. जास्तीच्या बोटाचा लिंकन मी दर आठवड्याला काढून बघतो.

पेटीची वाट धरायची तर मात्र फार रेंगाळू नका. चलनातली शेवटची पेनी 12 नोव्हेंबर 2025 रोजी फिलाडेल्फियात पाडली गेली. एक पेनी पाडायला साडेतीन सेंटांहून जास्त खर्च येत होता. जुन्या पेन्या व्यवहारात चालतात, पण नव्या येणार नाहीत, त्यामुळे बँकांतले रोल आटत जाणार.

पुण्या-नाशिकात बसून हा छंद करणाऱ्यांसाठी पेटीची वाट अगदीच बंद नाही. अमेरिकेनं पेन्या वितळवण्यावर आणि बाहेर नेण्यावर बंदी घातली आहे, पण प्रवाशाला सोबत पाच डॉलरपर्यंतच्या पेन्या आणि निकेल (पाच सेंटची नाणी) नेता येतात, आणि छंदासाठी आहेत हे स्पष्ट असेल तर पंचवीसपर्यंत. पाच डॉलर म्हणजे दहा रोल, वजन सव्वा किलो. दिवाळीला येणाऱ्या भावाला सांगून ठेवा. तेवढी चॉकलेटं कमी येतील.