शर्यतीआधीचा एकट्याचा लांब दिवस: सिंहगडाच्या फेऱ्या, कात्रज-सिंहगड की राजगड-तोरणा?

सिंहगड-राजगड-तोरणा ही 53 किलोमीटरची डोंगरातली अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांबची शर्यत साधारण डिसेंबरात असते. दिवाळीचा फराळ संपत आला की नाव नोंदवलेल्यांची चलबिचल सुरू होते. एक मोठा दिवस एकट्याने काढायचाय, पण कुठे? पुण्याजवळ तीन वाटा डोळ्यांसमोर येतात. मी तिन्ही चालले आहे. माझं मत आधीच सांगते: तुमची ही पहिलीच अल्ट्रा असेल तर सिंहगडाच्या फेऱ्या मारा. ते कंटाळवाणं वाटतं हे मला माहीत आहे, तरीही.

एकट्यानेच का, हेही सांगायला हवं. ग्रुपमध्ये वाट दुसरा कुणीतरी बघतो, थांबायचं कधी ते तिसरा ठरवतो आणि आपलं पाणी संपलं तर चौथ्याच्या बाटलीतलं मिळतं. शर्यतीत निम्मं अंतर सरल्यावर मागेपुढे चिटपाखरू नसतं. भूक नसताना खायचं, दमलेल्या डोक्याने वाट ओळखायची आणि पाय दुखतोय की खरंच दुखावलाय ते ठरवायचं, हे सगळं आधी एकदा एकट्याने करून बघितलेलं असावं.

आता वाटांकडे येऊ. पायथ्याच्या आतकरवाडीतून वर पुणे दरवाज्यापर्यंतची सिंहगडाची पायवाट साधारण 2.7 किलोमीटरची आहे आणि चढ जवळपास 600 मीटरचा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला एक साधा हिशेब आजही चालतो: सपाटीला ताशी 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे सिंहगड दीड तासाचा. चार फेऱ्यांत बाविसेक किलोमीटर चाल आणि 2400 मीटर चढ पदरात पडतो. तेवढाच उतारही, आणि खरी किंमत त्या उताराची आहे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात. दुसऱ्या दिवशी जिन्यावरून उलटं उतरायची वेळ येते ती त्यामुळेच. पण एकदा असा मार बसला की पुढचे काही आठवडे तेच स्नायू तसल्या उताराला बरेच सरावलेले राहतात. म्हणून हा दिवस शर्यतीच्या तीन ते चार आठवडे आधी ठेवा. शेवटच्या दहा दिवसांत अजिबात नको.

फेऱ्यांचा दुसरा फायदा म्हणजे पाठीवर ओझं नको. वर ताक, लिंबू सरबत, दही मिळतं, खाली टपऱ्या आहेत. सोबत मीठ-साखरेची पाकिटं, खजूर आणि चिक्की असली की झालं. दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटाला झेपतात का, ते इथे निवांत तपासता येतं. नुसतं पाणी ढोसत राहू नका. घामावाटे मीठ जात असताना फक्त पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं आणि माणूस गोंधळल्यासारखा होतो.

आणि मन? दर फेरीला खाली उतरलात की शहराकडे जाणारी बस उभी दिसते. माझ्या तिसऱ्या फेरीला ताकवाल्या मावशींनी मला ओळखलं. ‘काय गं, नवस बोललीयेस का?’ म्हणाल्या आणि ग्लासात चिमूटभर मीठ जास्त घातलं. मी दगडावर बसून बूट काढला. अंगठ्याचं नख निळं पडलं होतं, मोज्यात मुरूम गेला होता. मोजा झटकला, लेस घोट्याजवळ आवळून पुन्हा बांधली आणि उतरायला लागले. चौथी फेरी मारायची की बस पकडायची, हा निर्णय त्या उतारावरच्या पाऊण तासात दहा वेळा बदलला. हा सराव दुसऱ्या कुठल्याही वाटेवर मिळत नाही.

कात्रज-सिंहगडाचं तसं नाही. कात्रजच्या जुन्या बोगद्याच्या वरून निघालं की एकामागून एक टेकड्या, आणि प्रत्येक टेकडी चढून पलीकडे घसाऱ्यावरून उतरायची. उजवीकडे पुण्याचा पसारा, डावीकडे साताऱ्याचा रस्ता, समोर सिंहगडावरचे टॉवर. ते टॉवर पहिल्या तासापासून दिसतात आणि जवळ काही येत नाहीत. डोंगराच्या धारेवर पाणी नाही, सावली नावालाच. किमान चार लिटर पाणी पाठीवर घेऊनच निघावं लागतं. मधूनच सोडायचं म्हटलं तर कुठल्यातरी सोंडेवरून खालच्या गावात उतरायचं, आणि ढोरवाटा कुठे नेऊन सोडतील याचा नेम नाही. शर्यतीतल्या चढ-उतारांची लय मात्र इथेच हुबेहूब मिळते, हे मान्य करायलाच हवं. अंतर वाढवायचं असेल तर डांबरी रस्ता लागल्यावर तिथे न थांबता गडावर जाऊन या.

ही वाट पौर्णिमेच्या रात्री करायची पद्धत आहे. ती ग्रुपसाठी ठीक आहे. एकट्याने जायचं तर पहाटे उजाडता उजाडता निघा, आणि तेही आधी एकदा कुणासोबत गेला असाल तरच. एकदा मी उन्हाचा अंदाज न घेता दोन लिटरवर निघाले. शेवटच्या दोन टेकड्यांआधी बाटली कोरडी पडली. उतारावर गुडघे नाही, डोकं साथ सोडत होतं. समोर ठळक वाट असून मी दोनदा गवतात शिरले.

राजगड-तोरण्याबद्दल थोडक्यात. सर्वांत सुंदर, शर्यतीच्या मुलखातलीच वाट, राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने उतरून धारेने तोरण्याची बुधला माची गाठायची. पण निघायचं राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातून आणि उतरायचं तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यात, म्हणजे परतीच्या गाडीची पंचाईत. कातळातले चढ, शिडी, धारेवर तुरळक वस्ती. पाय मुरगळला तर मदत पोचायला अर्धा दिवस जाईल. वाट पाठ असलेल्यांनीच एकट्याने जावं. इतरांनी जोडीने जाऊन वाट बघून घ्यावी आणि लांब दिवसाचा सराव दुसरीकडे करावा.

म्हणून पहिली अल्ट्रा, गुडघ्याची जुनी तक्रार किंवा घरच्यांची काळजी, यातलं एकही असेल तर सिंहगड. दोन-तीन शर्यती झाल्यात, वाट माहीत आहे आणि पाण्याचं गणित कच्चं वाटतंय, तर कात्रज.

कुठेही गेलात तरी निघताना घरी कागदावर लिहून ठेवा. कुठून चढणार, कुठे उतरणार, किती वाजता फोन करणार. माझा कागद फ्रिजवर चिकटवलेला असतो. त्यावर शेवटी दोन ओळी असतात: सांगितलेल्या वेळेनंतर एक तास वाट बघायची, आणि मग पायथ्याच्या गावातल्या ओळखीच्या घरी आणि 112 वर फोन लावायचा.