दम्यासाठी घरभेट की फोनवरून पाठपुरावा?

दम्याच्या प्रौढ रुग्णाला घरी आधार देण्याचे हे दोन मार्ग. माझा कौल आधी घरभेटीला.

घरी आलेल्या आरोग्यसेविकेला न विचारताही बरंच दिसतं: भिंतीची ओल, उशाशी झोपणारं मांजर, बाहेरच्या खोलीतला सिगारेटचा वास. मुख्य म्हणजे, ती इन्हेलर समोर घ्यायला लावते. पंप हलवला का, श्वास पूर्ण सोडला का, औषध ओढल्यावर सुमारे 10 सेकंद श्वास रोखला का? वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्यांचंही इथेच चुकतं, आणि औषध फुफ्फुसात जाण्याऐवजी घशात बसतं. ‘घेतो की नियमित’ या फोनवरच्या उत्तरातून हे कसं कळणार? (व्हिडिओ कॉलवर थोडंफार दिसतं.)

फोन उपयोगी पडतो तो नंतर. पीक फ्लोचा (जोरात फुंकल्यावर श्वास किती वेगाने बाहेर पडतो, त्याचा) आकडा स्वतःच्या सर्वोत्तमाच्या 80 टक्क्यांखाली घसरू लागला, रात्री खोकल्याने जाग येऊ लागली, तर पुढच्या भेटीची वाट कशाला पाहायची? कामावर जाणाऱ्यालाही फोनच सोयीचा.

मात्र आकडा 50 टक्क्यांखाली गेला किंवा बोलताना धाप लागली, तर दोन्ही विसरा. आराम देणारा इन्हेलर घ्या आणि तातडीने रुग्णालय गाठा.